पहाऱ्याची यादी

आमच्या कळसला चैत्रात मारुतीच्या देवळात सप्ताह बसतो. त्याला एकच नियम कडक आहे. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. बाकी सगळ्याला माफी असते. कीर्तनात कुणी डुलक्या घेतल्या तर महाराज थट्टा करून सोडून देतात, पंगतीला कुणी दुसऱ्यांदा बसला तर वाढपी बघून न बघितल्यासारखं करतात. पण वीणा एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्याच गळ्यात गेली पाहिजे. दोन-दोन तासांची पाळी, तिला पहारा म्हणतात. पाळी संपलेला माणूस येणाऱ्याच्या गळ्यात वीणा घालतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, वय बघत नाहीत, आणि मग पहिला घरी जातो. सात दिवसांचे चौऱ्याऐंशी पहारे.

हे चौऱ्याऐंशी पहारे तीस वर्षं माझे वडील लावत आले होते. तात्याबा त्यांचं नाव. आम्ही आबा म्हणायचो. कागद नाही, पेन्सिल नाही. सप्ताहाच्या आधी पंधरा दिवस ते एकेका वस्तीवर चालत जायचे, चहा प्यायचे, मेंढरांची आणि उसाची चौकशी करायचे आणि उठता उठता सांगायचे, "बुधवारी दुपारी चारला तुझी वीणा." बस्स. त्या तीस वर्षांत वीणा कधी कुणाची वाट बघत राहिली, असं मी ऐकलं नाही.

मी त्यांचा थोरला, दादासाहेब. पुण्याला शिकून आलो आणि बारामतीत नीळकंठ सरांकडं कॉम्प्युटरच्या प्रोग्रामचं काम करायला लागलो. भिगवण रस्त्याला एका औषधाच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या. तीन मशीन, एक प्रिंटर. प्रिंटर चालू झाला की खालचा दुकानदार वर बघायचा, इतका तो करकरायचा. चपला बाहेर काढायच्या, कारण धुळीनं फ्लॉपी खराब होतात. एसी होता, पण तो मशीनसाठी. माणसांना त्याचा लाभ झाला तर झाला.

कीर्तनाचं वेड मला लहानपणापासून. कोणते महाराज कुठं चढणार, कुठं आवाज खाली घेऊन माणसांना रडवणार, हे मला आधी कळतं आणि तरी मी रडतोच. ऑफिसात काम करतानाही मी गुणगुणत असायचो. नीळकंठ सर म्हणायचे, "दादासाहेबांचा प्रोग्राम चालला की टेबलावर टाळ वाजतो, आणि अडकला की एकदम विठ्ठल ऐकू येतो. मला स्क्रीन बघायची गरजच पडत नाही."

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्याआधी मी लोणी देवकरच्या एका फॅक्टरीसाठी पाळ्यांचा प्रोग्राम केला. दीडशे कामगार, तीन पाळ्या. नावं भरली की कोण कधी येणार त्याची यादी मशीन आपोआप काढायचं. तिथले साहेब खूश झाले. मी घरी येऊन बायकोला, स्वप्नालीला, कौतुकानं सांगितलं आणि बोलता बोलता म्हणालो, "अगं, हाच प्रोग्राम सप्ताहाला लावला तर? आबांची पंधरा दिवसांची पायपीट वाचेल. गुडघे बघतेस ना त्यांचे."

ती पोळी लाटत होती. म्हणाली, "पायपीट वाचेल खरी. पण त्यांना ती वाचवायचीय का?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, जास्त चालायचं नाही, उभं राहायचं नाही."

"ते डॉक्टरांनी सांगितलंय," ती म्हणाली आणि पोळी उलटली. मला तेव्हा ते बोलणं बायकी वाटलं, हे कबूल करतो.

पुढच्या रविवारी गावी गेलो. आबांनी ओट्यावर बसून मला सगळी नावं सांगितली. मी वहीत लिहून घेत होतो. ते नाव सांगायचे आणि पुढं काहीतरी सांगू बघायचे. "सावळाराम. तो आता लोणीला कामाला जातो, त्येची पाळी..." मी म्हणायचो, "आबा, फक्त नावं सांगा. पाळ्यांचं मशीन बघतंय." मग ते पुढचं नाव सांगायचे. त्यांचं स्वतःचं नाव त्यांनी सांगितलं तेव्हा मी लिहिलं नाही. "तुम्ही यंदा बसून कीर्तन ऐकायचं," म्हणालो. आईनं, म्हणजे सारजाबाईनं, आतून विचारलं, "आन तुझं?" मी म्हणालो, "ऑफिसला सुट्टी मिळंल न मिळंल, माझंही राहू दे."

सोमवारी ऑफिसात बसून अर्ध्या दिवसात काम झालं. नावं कुठल्या क्रमानं घ्यायची, एवढंच ठरवायचं होतं. मी आडनावाप्रमाणं क्रम लावला. ती एक ओळ लिहायला मला दहा सेकंद लागली असतील. यादी कशी देखणी आली म्हणून सांगू! देवनागरीत छापलेली, रेघा आखलेली, वर मधोमध 'श्री मारुती प्रसन्न'. सर म्हणाले, "फ्रेम करून लावा."

देवळात यादी नेली तेव्हा दहा-पंधरा माणसं जमली होती. कुंडलिक, गिरणीवाला, बोट फिरवून आपलं नाव शोधत म्हणाला, "आयला, इलेक्शनची यादीच की ही! मत कुणाला टाकायचं तेवढं सांग." सगळे हसले. आबांनी चष्मा पुसून यादी वरपासून खालपर्यंत बघितली. बराच वेळ बघितली. मग म्हणाले, "दादा, हे समदं खारतोडे एका जागी का रं?"

"आडनावावार लावलंय आबा. ज्याला आपलं नाव बघायचं त्याला लगेच सापडतं."

"व्हय," ते म्हणाले. "सापडाया सोपं हाय खरं." आणि यादी माझ्या हातात परत दिली. खिळा ठोकून मी ती खांबाला लावली.

सप्ताह बसला. पहिले तीन दिवस सगळं सुरळीत चाललं. मी गुरुवारी संध्याकाळी कीर्तनाला जाऊन आलो तर लोक माझ्याच पाठीवर थाप मारत होते. यादीचं कौतुक ऐकताना मला जरा फुगल्यासारखं झालं होतं.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला ऑफिसात फोन वाजला. कुंडलिकचा. गावात तेव्हा दोनच फोन, एक ग्रामपंचायतीत आणि एक त्याच्या गिरणीत.

"दादा, भिमाआण्णा गेलं पहाटं."

भिमाआण्णा खारतोडे म्हणजे गावातलं मोठं माणूस, वयानंही आणि मानानंही. मी अरेरे म्हणालो.

"माती बाराला हाय. पर फोन त्यापायी न्हाय केला. आमा खारतोड्यांला समद्यांला सुतक आलं. सुतकात वीणा कशी धरायची? आन तुझ्या यादीत धापासनं रातीच्या आठपत्तुर पाच खारतोडं सलग हायती. दुसरं नावच न्हाय मदी."

"मग वीणा आत्ता कुणाकडं आहे?"

"आबांकडं. सावळारामचा पहारा धाला संपला. त्येला लोणीला दुसऱ्या पाळीला जायाचं, यष्टी सव्वाधाचीच. आबा म्हणलं, दे हिकडं."

"अरे, त्यांना उभं राहायचं नाहीय! दुसरं कुणी नाही का?"

"बाकीचं समदं गाव मातीला निघालंय, पुजारी सुद्दा. मातीला गेलेला माणूस उद्यापत्तुर वीणेला शिवत न्हाय, तुला ठाव हाय. मी म्हणलं आबांला, तुमचं पाय बघा. तर म्हणलं, दादाला फोन लाव, तो यादी बघून सांगंल कोण येतंय. तवर मी हाय."

"सांग त्यांना, अर्ध्या तासात नवी यादी करतो."

"आता मीबी मातीला चाललोय गड्या. लवकर बघ."

फोन ठेवला आणि मी मशीनपुढं बसलो.

त्यानंतर पुष्कळदा मी तो क्षण डोळ्यांसमोर आणलाय. स्कूटर खाली उभी होती. बारामतीहून कळस पाऊण तास. बारा वाजायच्या आत मी देवळात असतो. मी खारतोडे नाही, मला सुतक नाही, मी मातीला गेलो नव्हतो, मला दोन हात आणि एक गळा होता. पण त्या वेळी माझ्या मनात एकच होतं, की प्रोग्राममध्ये एक गोष्ट राहिलीय आणि ती घातली की झालं. मी 'सुतक' म्हणून नवा रकाना केला. ज्याच्यापुढं खूण असेल त्याला गाळून पुढचं नाव घ्यायचं. साधं होतं. पण एकाला गाळलं की पुढचे सगळे सरकायला लागले. उद्याचे आज आले, आजचे उद्या गेले. तेही दुरुस्त केलं. साडेबाराला लाईट गेली. बॅटरी टी-टी करत पाच मिनिटं राहिली आणि मशीन बसलं. लाईट आली तेव्हा नावांची फाईल उघडेना. जुन्या फ्लॉपीवरून पुन्हा उतरवली. मी गुणगुणत नव्हतो. सरांनी एकदा डोकावून विचारलं, "काही मदत?" मी म्हणालो, "झालंच."

पावणेदोनला यादी छापून निघाली. बरोबर होती. चौथ्या दिवशी दुपारी बारा ते दोन, एक नाव. दोन ते चार, दुसरं. मी गिरणीत फोन लावला. वाजत राहिला. ग्रामपंचायतीत लावला. तिथंही कुणी नव्हतं. सगळं गाव मातीला गेलेलं आणि मी त्या गावाला कुणी कुठं उभं राहायचं ते सांगायला निघालेलो.

तेवढ्यात स्वप्नाली जिना चढून आली. सकाळी मी डबा विसरलो होतो. आमच्या लेकीला, दिपालीला, शाळेतून आणून, शेजारी बसवून, ती डबा घेऊन आली होती. माझा चेहरा बघून म्हणाली, "काय झालं?" मी सांगितलं. यादी दाखवली. तिनं यादीकडं बघितलंच नाही.

"अहो, मग आबा अजून उभेच आहेत?"

मी पुन्हा गिरणीचा नंबर फिरवायला लागलो.

"आणि तुम्ही इथं बसलाय?"

ती कन्हेरीची. तिच्या माहेरीही सप्ताह बसतो. तिला वीणा म्हणजे काय ते कळत होतं. डबा टेबलावर ठेवला आणि भिंतीला टांगलेली स्कूटरची चावी काढून माझ्यापुढं धरली.

ऊन असं की रस्त्याचं डांबर चाकाला चिकटत होतं. लासुर्ण्याच्या अलीकडं चाक पंक्चर झालं. ते काढून, दुसरं बसवून देवळात पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते.

मंडपात कुणी नव्हतं. दोन म्हाताऱ्या खांबाला टेकून पेंगत होत्या. आबा मारुतीसमोर उभे होते, गळ्यात वीणा, डावा हात तुंब्यावर, उजव्या हाताचं बोट तारेवर. खांब हाताच्या अंतरावर होता, पण टेकले नव्हते. तोंडानं रामकृष्णहरी चालू होतं, पण आवाज नव्हता, नुसते ओठ हलत होते. आई खाली बसून एक ओलं फडकं त्यांच्या पायांवर ठेवत होती, पिळत होती, पुन्हा ठेवत होती. पाय सुजून घोटे दिसेनासे झाले होते.

आई मला बघून म्हणाली, "आलास व्हय." तिच्या आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं. मग म्हणाली, "म्या म्हणलं माज्याकडं द्या घटकाभर. ऐकत्यात का? गाव काय म्हणंल, म्हणं. गाव हाय का हितं?"

आबांनी माझ्याकडं बघितलं आणि हसले. म्हणाले, "यादी आणलीस?"

यादी माझ्या हातात होती. वाऱ्यानं फडफडत होती. मी ती कुठं ठेवली ते आठवत नाही.

हातपाय धुऊन आलो. आबांनी वीणा उतरवली, माझ्या गळ्यात घातली. पट्टा घामानं भिजला होता, गरम होता. मी वाकून त्यांच्या पाया पडलो. मग रिवाजाप्रमाणं ते माझ्या पाया पडायला वाकले. मी म्हणालो, "आबा, राहू द्या." ते म्हणाले, "वीणेच्या पडतूय, तुझ्या न्हाय," आणि वाकलेच. त्यांचा हात माझ्या पावलाला लागला आणि तिथंच राहिला. त्यांना उठता येईना. गुडघे धरून ते हळूच बाजूला कलंडले.

आणि मला त्यांना उचलता येईना. माझ्या गळ्यात वीणा होती. एक हात तारेवर, एक तुंब्यावर. वीणा खाली ठेवायची नाही. मी उभा राहून बघत होतो आणि माझी आई आणि त्या दोन म्हाताऱ्या मिळून माझ्या वडलांना काखेत हात घालून ओढत सतरंजीवर नेत होत्या. आबा म्हणत होते, "तू म्हण. तू थांबू नगंस, नाम म्हण." मी म्हणत होतो. कसं म्हणत होतो ते मारुतीला माहीत.

रात्री आठचा माणूस परगावी कामाला असल्यानं मातीला गेला नव्हता; तो येईपर्यंत मी उभा होतो. चार तासांच्या वर. दोन तासांनंतर पायाच्या तळव्यात सुया टोचायला लागतात, तीन तासांनंतर कंबर आपली राहत नाही. मी एकतीस वर्षांचा. ते एकाहत्तर. सातला कीर्तन सुरू झालं. मोठे महाराज आले होते, ज्यांच्यासाठी मी कुठल्या कुठं स्कूटर दामटत जायचो, आणि मी वीणा घेऊन त्यांच्या पाठीशी उभा, इतका जवळ. लोक हसत होते, रडत होते, टाळ्या वाजवत होते. मला त्यातला एक शब्द आठवत नाही. मी मंडपाच्या कडेला बघत होतो. आबांना भिंतीशी उशी देऊन बसवलं होतं आणि ते मान डोलावत कीर्तन ऐकत होते.

आबा त्यानंतर काठी घेऊन फिरले. दिवाळीनंतर तेही बंद झालं, खाट धरली. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, गुडघे आधीच गेले होते, कधीतरी हे होणारच होतं. ते माझ्या समाधानासाठी बोलले असतील. मला त्यानं समाधान झालं नाही.

पौष महिन्यात एकदा मी खाटेशेजारी बसून विचारलं, "आबा, यादी बघितलीत तेव्हाच का बोलला नाहीत?"

"बोललो की. समदं खारतोडे एका जागी का, म्हणलं."

"मला वाटलं, सहज विचारताय."

"चार माणसं हुती. तू शिकल्याला. चार माणसांत तुझी चूक काढायची व्हय मी?"

"मग मागनं सांगायचं."

"मागनं तू बारामतीला ग्येला."

मी वही काढली. म्हणालो, "आता सांगा. पाळ्या कशा लावायच्या ते. सगळं. मी मधे बोलत नाही." त्यांनी डोळे मिटले आणि सांगायला लागले. एका भावकीची दोन नावं कधी शेजारी घ्यायची नाहीत. मरण कुणाला विचारून येत नाही. ज्याच्या रानात कॅनॉलचं पाणी त्या दिवशी येणार, त्याला त्या दिवशी घ्यायचं नाही. म्हस्कूला रातचं दिसत नाही, त्याला सकाळची पाळी. सावळाराम आणि आप्पा बांधावरनं सात वर्षं बोलत नाहीत, म्हणून आप्पाची पाळी संपली की सावळारामची लावायची. मी विचारलं, "का?" आबा म्हणाले, "आरं, वीणा देताना पाया पडावं लागतंय न्हवं? वर्सातनं एकदा तरी पडत्यात एकमेकाच्या."

मी लिहीत होतो आणि अक्षर दिसेनासं झालं. माझ्या यादीत आप्पा पहिल्या दिवशी होता आणि सावळाराम चौथ्या.

मग म्हणाले, "आन तुझी पाळी माज्या पाठोपाठ."

ते खरं होतं. शाळेत होतो तेव्हापासून, मला पहिल्यांदा वीणा मिळाली तेव्हापासून, दर वर्षी सकाळी दहा ते बारा आबा आणि दुपारी बारा ते दोन मी. मला वाटायचं, योगायोग. मला वाटायचं, मला जेवायला जायला बरं पडावं म्हणून. मी कधी विचारलं नाही, आणि त्या वर्षी मी आमची दोघांची नावं एका वेळी गाळली होती.

"यंदा माझं नाव घाल," आबा म्हणाले.

"उभं राहवेल का?"

"न्हाय राहवणार. पर घाल."

अठ्ठ्याण्णवच्या सप्ताहाला तीन दिवस उरले असताना आबा गेले. आम्हाला सुतक होतं, त्या वर्षी मी वीणेला शिवलो नाही. पण यादी त्यांनी सांगितली तशी मी हातानं लिहून दिली होती आणि वीणा कुणाची वाट बघत राहिली नाही. सगळे वाडग्यातल्या मेंढरांसारखे आपापल्या जागी आले, असं कुंडलिक म्हणाला.

यंदा, नव्व्याण्णवला, मी रजा टाकली. ऑफिसात सगळीकडं दोन हजार सालाच्या दुरुस्तीची घाई चाललीय, तारखा बदलायच्या आहेत, सर म्हणाले, "आत्ता रजा?" मी म्हणालो, "आत्ताच." यादीत दहा ते बारा पुढं तात्याबा आणि बारा ते दोन पुढं माझं नाव लिहिलं होतं. कुणी हरकत घेतली नाही. दहाला मी म्हस्कूकडून वीणा घेतली, आम्ही एकमेकांच्या पाया पडलो, आणि मी दोन्ही पाळ्या उभा राहिलो. स्वप्नाली आणि दिपाली समोर बसल्या होत्या, आईही होती.

बारा वाजले. वीणा गळ्यातच होती. द्यायला समोर कुणी नव्हतं आणि घ्यायलाही. मी तुंबा हातानं धरून वाकता येईल तेवढा वाकलो. मग पुन्हा सरळ झालो आणि नाम म्हणत राहिलो.